फोन, वही आणि डोकं: गावाकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कास्तकार, अभ्यासिकेत बसणारी पोरं, बचत गटाचा हिशेब सांभाळणाऱ्या ताया आणि एकच स्मार्टफोन घरभर फिरवणारी कुटुंबं यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे आहेत. मेनूंची नावं अँड्रॉइड फोनमधली आहेत. कंपनीनुसार ती थोडी बदलतात. एखादा पर्याय सापडला नाही तर सेटिंग्ज उघडून वरच्या शोधपट्टीत तो शब्द टाका.

१. कोणती गोष्ट फोनमध्ये ठेवायची, कोणती वहीत आणि कोणती डोक्यात?

ठरलेल्या वेळी ज्याची आठवण झालीच पाहिजे ते फोनमध्ये: ओलिताची पाळी, सोसायटीच्या कर्जाची तारीख, पीक विम्याची मुदत, बाळाची लस. वही वाजत नाही, फोन वाजतो.

दोन माणसांनी पाहून कबूल करायचं ते वहीत: मजुरी, उधारी, वेचलेल्या कापसाचे किलो, ट्रॅक्टरचे तास. फोनमधला आकडा एकालाच दिसतो आणि कधीही बदलता येतो, म्हणून त्यावर वाद होतो.

डोक्यात फक्त तेच, जे फोन आणि वही दोन्ही जवळ नसताना लागेल: घरातल्या दोन माणसांचे नंबर, यूपीआय पिन, स्वतःचा रक्तगट, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते. घरच्यांचा नंबर पाठ नसलेले लोक आता पुष्कळ आहेत. फोन बंद पडल्यावर दवाखान्यात किंवा बसस्टँडवर त्याची खरी अडचण होते, म्हणून दोन नंबर आजच पाठ करा.

एकच गोष्ट तिन्ही ठिकाणी लिहू नका. तारीख बदलली की एक जागा सुधारली जाते, दोन जुन्या राहतात आणि नेमकी जुनीच डोळ्यांपुढे येते.

२. फोनची भाषा मराठी ठेवावी की इंग्रजी?

जो माणूस फोन वापरतो त्याला वाचता येते ती. आईबाबांचा फोन त्यांना इंग्रजी वाचता येत नसताना इंग्रजीत ठेवला, तर ते प्रत्येक वेळी दुसऱ्याकडून बटण दाबून घेतात आणि पैशाच्या ॲपमध्ये ही सवय महागात पडते. अँड्रॉइड १३ पासून एकेका ॲपची भाषा वेगळी ठेवता येते: सेटिंग्ज, सिस्टम, भाषा, ॲपच्या भाषा. सगळा फोन इंग्रजीत आणि फक्त पैशाचं ॲप मराठीत, असंही चालतं; मात्र त्या ॲपमध्ये मराठीची सोय असावी लागते.

३. मराठी टाइप करायला फार वेळ लागतो. सोपा मार्ग कोणता?

जीबोर्ड कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडताना दोन मांडण्या दिसतात. एकीत देवनागरी अक्षरं असतात. दुसरीत इंग्रजी अक्षरांनी लिहायचं आणि वर मराठी शब्द येतात. कधीच मराठी टाइप केलं नसेल तर दुसरी घ्या. लांब मजकुरासाठी माइक दाबून बोला. साधी वाक्यं बरीच नीट उमटतात. चूक होते ती गावांच्या नावांत, आडनावांत आणि वऱ्हाडी शब्दांत. गावाचं नाव एकदा हाताने सुधारून घ्या.

ज्या ओळी पुन्हा पुन्हा लिहाव्या लागतात त्यांच्यासाठी शॉर्टकट करा. जीबोर्ड सेटिंग्ज, शब्दकोश, वैयक्तिक शब्दकोश, भाषा, मग अधिकचं चिन्ह. वर पूर्ण ओळ लिहा, खाली दोन-तीन अक्षरांची खूण. पत्त्याला 'पत्', गट क्रमांक आणि मौजे-तालुक्याला 'गट'. खूण टाइप केली की पूर्ण ओळ सुचवली जाते. फॉर्ममध्ये गट क्रमांकाचा एक आकडा चुकला की दुरुस्तीसाठी चकरा माराव्या लागतात, त्या यामुळे वाचतात. आधार क्रमांक आणि कोणताही पिन मात्र असा साठवू नका.

जीबोर्डच्या क्लिपबोर्डमध्ये कॉपी केलेला मजकूर एका तासाने आपोआप जातो. टिकवायचा असेल तर दाबून धरून पिन करा.

४. नोंदी ठेवायला कोणतं ॲप चांगलं?

जे रोज उघडलं जातं ते. बहुतेकांसाठी ते व्हॉट्सॲप आहे. त्यात नवीन चॅट उघडून यादीतलं स्वतःचं नाव दाबलं की स्वतःलाच संदेश पाठवता येतो. ही चॅट वर पिन करा. बियाण्याच्या बॅगेचा लॉट क्रमांक, कृषी केंद्राची पावती, मोटारीवरची पाटी, हे सगळं फोटो काढून तिथे टाका आणि फोटोखाली दोन शब्द लिहा. शब्द नसलेला फोटो सहा महिन्यांनी शोधता येत नाही. 'मोटार पाटी विहीर' असं लिहिलेला लगेच सापडतो.

ही पद्धत फोन बदलताना तुटते. बॅकअप घेतलेला नसेल तर चॅट जाते. म्हणून वर्षांनुवर्षं लागणाऱ्या याद्यांसाठी आम्ही गूगल कीप वापरायला सांगतो. ते गूगल खात्याला जोडलेलं असतं आणि नेट नसतानाही उघडतं, नेट आलं की नोंदी वर चढतात.

५. रिमाइंडर लावतो, पण तो वाजतच नाही. का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. कारणं पाच आहेत, ती याच क्रमाने तपासा.

पहिलं, बॅटरी बचत. स्वस्त आणि मध्यम किमतीचे फोन बॅटरी टिकवण्यासाठी न उघडलेली ॲप्स झोपवून टाकतात. सेटिंग्ज, ॲप्स, कॅलेंडर, बॅटरी इथे 'अनिर्बंध' निवडा. काही फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' असं वेगळं बटण असतं, तेही चालू करा. दहापैकी बहुतेक तक्रारी इथेच मिटतात.

दुसरं, सूचनांची परवानगी. ॲप पहिल्यांदा उघडल्यावर आलेल्या प्रश्नाला घाईत 'नाही' म्हटलेलं असतं.

तिसरं, आवाज. रिंगटोन, अलार्म आणि सूचना यांचे आवाज वेगवेगळे असतात. बाजूचं बटण बरेचदा फक्त गाण्याचा आवाज वाढवतं. सेटिंग्जमध्ये जाऊन तिन्ही पट्ट्या पाहा.

चौथं, 'व्यत्यय आणू नका' हा मोड चालू राहिलेला असतो. तो रात्री वापरायचाच असेल तर त्यात अलार्मला आणि घरच्यांच्या नंबरांना सूट द्या. एकाच नंबरावरून १५ मिनिटांत दुसऱ्यांदा आलेला फोन वाजू द्यायची सोयही तिथेच असते.

पाचवं, तारीख-वेळ. बॅटरी पूर्ण उतरून फोन बंद पडल्यावर काही जुन्या फोनची वेळ चुकते. वेळ 'आपोआप' वर ठेवा.

इतकं करूनही भरवसा वाटत नसेल तर महत्त्वाच्या कामाला कॅलेंडरच्या सूचनेऐवजी घड्याळाचा अलार्म लावा. सूचना एकदा टुण करून गप्प होते, अलार्म बंद करेपर्यंत वाजतो. फोन मात्र चालू हवा. बंद फोनमधल्या अलार्मवर विसंबू नका.

६. ओलितासाठी लाइन कधी दिवसा येते, कधी रात्री. दरवेळी अलार्म बदलायचा विसरतो.

कृषिपंपाच्या थ्री फेज लाइनचं वेळापत्रक पाळीने बदलतं, म्हणून 'दररोज' वाजणारा अलार्म इथे कामाचा नाही. गूगल कॅलेंडरमध्ये घटना तयार करा, 'पुनरावृत्ती' मध्ये 'सानुकूल' निवडा, 'दर २ आठवड्यांनी' ठेवा आणि त्या आठवड्यातले लाइनीचे वार टिपून घ्या. दुसऱ्या आठवड्यासाठी वेगळी घटना करा. दोघींनाही शेवटची तारीख द्या. हंगाम संपल्यावर वाजत राहिलेला रिमाइंडर माणूस न वाचता बंद करू लागतो आणि मग खरा रिमाइंडरही तसाच बंद होतो.

घटनेच्या नावात नुसतं 'ओलित' नको. 'हरभरा, खालचा धुरा, रात्री १०, बॅटरी आणि बूट घेणे' असं लिहा. झोपेतून उठलेल्या माणसाला विचार करायला लावू नये. रात्रीच्या पाळीसाठी मात्र प्रश्न ५ मध्ये सांगितलेला घड्याळाचा अलार्म वेगळा लावा, आणि फोन खाटेपासून चार पावलं दूर ठेवा.

स्टार्टरला ऑटो स्विच बसवलेला असेल तर लाइन येताच मोटार आपोआप सुरू होते. मोटारीचं काम काढण्याआधी मेन स्विच पाडणं हे रिमाइंडरवर सोडायचं काम नाही. पेटीवर रंगाने लिहून ठेवा.

७. रिमाइंडर वाजतो, मी बंद करतो आणि पुन्हा विसरतो. हे कसं थांबेल?

रिमाइंडर चुकीच्या वेळी वाजतो आहे. दुपारी बाराला डवरणी चालू असताना 'बँकेत केवायसी' वाजलं तर तुम्ही ते बंदच करणार. जे काम जिथे करता येईल तिथे असण्याच्या वेळी ते वाजवा. तालुक्याला बाजाराच्या दिवशी जाता, तर बँकेचं काम त्या दिवशी सकाळी आठला, निघण्याआधी, कागदांच्या यादीसह.

दुसरं, काम पूर्ण झाल्याशिवाय सूचना सरकवून काढू नका, 'स्नूझ' करा, म्हणजे ती थोड्या वेळाने पुन्हा वाजेल.

तिसरा उपाय फोनशिवायचा आहे आणि तो चांगलाच चालतो. नवं काम एखाद्या पक्क्या जुन्या कामाला बांधा: 'म्हशीची धार काढून झाली की रक्तदाबाची गोळी घेईन.' 'सकाळी गोळी घेईन' यापेक्षा हे जास्त टिकतं. मानसशास्त्रात पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात या 'जेव्हा अमुक, तेव्हा तमुक' पद्धतीचा अभ्यास केला. आठवण करून देण्याचं काम मनाकडून काढून परिस्थितीकडे दिलं जातं, हे तिचं बळ.

८. एकवीस दिवसांत सवय लागते, हे खरं का?

नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. त्यात सवय आपोआप घडू लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि पसारा १८ ते २५४ दिवसांचा. जेवणाबरोबर पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर बसते, व्यायामाला जास्त दिवस लागतात. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही असंही दिसलं. पोळ्याच्या दोन दिवसांत खंड पडला म्हणून सोडून देऊ नका. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा.

९. किल्ली, चष्मा, पासबुक कुठे ठेवलं ते आठवत नाही. वय झालं का?

बहुतेक वेळा नाही. ठेवताना लक्ष दुसरीकडे होतं, म्हणजे मनात नोंदच झाली नाही. जे नोंदलं नाही ते आठवणार कसं? ठेवताना मोठ्याने म्हणा, 'पासबुक लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात.' बोलण्यासाठी क्षणभर लक्ष द्यावं लागतं आणि तेवढं पुरतं. किल्लीला दाराशेजारी खिळा ठोका आणि ती तिथेच अडकवा.

आतल्या खोलीत गेल्यावर कशाला आलो ते विसरणं हेही सर्वांना होतं. दार ओलांडलं की मन आधीचा प्रसंग मिटवून नवा उघडतं. परत आधीच्या जागी गेलं की पुष्कळदा आठवतं. काळजी कधी करायची ते प्रश्न २१ मध्ये आहे.

१०. बाबाले पासवर्ड लक्षातच राहत नाही. वहीत लिहिला तर चालते का?

चालतं, काही अटींवर. साध्या पासवर्डला खरा धोका दूरच्या भामट्याचा असतो, आणि तो तुमच्या कपाटातली वही उघडू शकत नाही. 'नाव आणि जन्मसाल' असा सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा वेगवेगळे पासवर्ड वहीत लिहिणं कितीतरी सुरक्षित आहे.

अटी अशा. यूपीआय पिन आणि एटीएम पिन कधीही लिहायचे नाहीत. ते चार किंवा सहा आकडे पाठच करायचे. वही कार्डासोबत किंवा पिशवीत ठेवायची नाही. वहीचा फोटो काढायचा नाही, कारण तो फोटो फोनबरोबर हरवतो.

नवा पासवर्ड करताना एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या आणि इंग्रजी अक्षरांत सलग लिहा: कुटार, पितळ, सोमवार, चिंच यांसारखे. हेच चार मात्र घेऊ नका, ते आता सगळ्यांनी वाचले. बहुतेक वेबसाइटना एक आकडा आणि एक चिन्ह लागतं. ते नेहमी शेवटी ठेवा, म्हणजे जागा विसरणार नाही.

गूगल खातं सगळ्याचं मूळ आहे. त्यात दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, चालू केली की १० बॅकअप कोड मिळतात, प्रत्येक आठ आकडी आणि एकदाच चालणारा. ते त्याच वहीत उतरवून ठेवा. फोन हरवल्यावर त्यांची किंमत कळते. प्रश्न २० पाहा.

११. सेतू केंद्रात फॉर्म भरला. आता लॉगिन होत नाही आणि ओटीपी कुठे जातो तेही माहीत नाही.

फॉर्म भरणाऱ्याने घाईत स्वतःचा नंबर किंवा तिथल्या तिथे तयार केलेला ईमेल टाकलेला असतो. पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीचं नूतनीकरण आलं की अडचण उभी राहते. फॉर्म भरून उठण्याआधी चार गोष्टी स्वतःच्या वहीत लिहून घ्या: वेबसाइटचं नाव, युजर आयडी, पासवर्ड, आणि दिलेला मोबाइल व ईमेल. पावतीचा फोटो प्रश्न ४ मधल्या चॅटमध्ये टाका. कोणत्याही फॉर्मला नंबर घरातलाच द्या, आणि तोही चालू राहणारा.

रिचार्ज न करता पडून असलेलं सिम हा दुसरा घोटाळा. ९० दिवस काहीच वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. मग तुमच्या बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जातात. जुना नंबर सोडण्याआधी बँक, गॅस, आधार आणि व्हॉट्सॲप या सगळ्यांत बदल करून घ्या. आधारमधला नंबर बदलायला आधार केंद्रावर जाणं हा खात्रीचा मार्ग.

१२. 'स्टोरेज भरलं' असं सारखं येतं. काय काढू?

आधी हे ओळखा की कोणतं स्टोरेज भरलं: फोनचं की गूगल खात्याचं. गूगल खात्यात फुकट १५ जीबी मिळतात, ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात वाटलेले असतात, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. ते भरलं की ईमेल यायचे बंद होतात.

फोन भरण्याचं मुख्य कारण सुप्रभात, सणांच्या शुभेच्छा आणि गटांवर फिरणारे व्हिडिओ. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज आणि डेटा', मग 'स्टोरेज व्यवस्थापित करा' उघडा. मोठ्या फायली आणि अनेकदा पुढे पाठवलेल्या फायली तिथे वेगळ्या दिसतात. व्हिडिओ आधी काढा; एक व्हिडिओ पन्नास फोटोंइतकी जागा खातो. मग तिथेच 'मीडिया आपोआप डाउनलोड' मध्ये मोबाइल डेटावरचे सगळे टिक काढा. डेटाही वाचतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा इशारा. गूगल फोटो ॲपमध्ये फोटो निवडून 'डिलीट' केलं तर तो फोनमधून जातो आणि खात्यातूनही जातो. लग्नाचे, लेकरांचे फोटो लोकांनी असेच गमावले आहेत. फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्याच ॲपमध्ये 'जागा मोकळी करा' हे बटण आहे. ते बॅकअप झालेले फोटो फक्त फोनमधून काढतं. चुकून गेलेच तर घाबरू नका. कचरापेटीत बॅकअप झालेले फोटो ६० दिवस आणि न झालेले ३० दिवस राहतात, तोवर परत आणता येतात.

१३. सातबारा, आधार, गुणपत्रिका फोनमध्ये ठेवल्या तर चालतात का?

सरकारच्या डिजिलॉकर ॲपमध्ये संबंधित विभागाकडून आलेला कागद मूळ कागदासारखाच कायद्याने धरला जातो. स्वतः काढलेल्या फोटोला तो दर्जा नाही. सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो. फुकट दिसणारा उतारा फक्त पाहण्यासाठी असतो, कार्यालयात तो चालत नाही. फाइलला नाव देताना वर्ष आधी लिहा, '२०२५ सातबारा गट अमुक', म्हणजे जुना उतारा चुकून जोडला जात नाही.

१४. फवारणीचं काय काय टिपून ठेवावं?

हे जीवाशी असलेलं काम आहे, म्हणून थोडं सविस्तर. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. विषबाधेचा रुग्ण आला की डॉक्टरला आधी कळायला हवं की कोणतं औषध होतं. घाबरलेल्या माणसाला नाव आठवत नाही, आणि डबा शेतात राहिलेला असतो.

डबा उघडण्याआधी, हात कोरडे असताना, तीन फोटो काढा: समोरचं नाव, मागची बारीक अक्षरातली चिठ्ठी, आणि रंगीत चौकोन. चौकोनाच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा सांगतो. लाल सगळ्यात घातक, मग पिवळा, निळा, हिरवा. चिठ्ठीवर विषावर उतारा म्हणून काय द्यायचं तेही छापलेलं असतं. दोन औषधं एकत्र केली असतील तर दोन्हींचे फोटो हवेत. फोटो लगेच घरच्या एका माणसाला पाठवा, फक्त स्वतःजवळ ठेवू नका, कारण बेशुद्ध माणसाच्या फोनचं कुलूप कुणी उघडू शकत नाही. मळमळ, घाम, डोळ्यांपुढे धूसर दिसणं सुरू झालं तर काम थांबवून १०८ ला फोन करा आणि फोटो सोबत न्या.

वहीत फवारणीची तारीख, औषध, पंपाला किती मिली आणि किती पंप लागले ते लिहा. चिठ्ठीवर फवारणी ते तोडणी किती दिवस थांबायचं तेही असतं. ती तारीख मोजून कॅलेंडरमध्ये टाका. भाजीपाल्याला हे विसरू नये.

१५. मजुरीच्या हिशेबाला ॲप घ्यावं का?

नको. वहीच घ्या, आणि पानावर पाच रकाने पाडा: तारीख, नाव, काम किंवा किलो, रक्कम, सही किंवा अंगठा. वेचणीचं वजन काट्यावर मोजलं की तिथेच, मजुरासमोर लिहा. 'घरी जाऊन लिहू' म्हटलं की चार बायकांचे किलो एकमेकींत मिसळतात. आगाऊ दिलेले पैसे वेगळ्या रंगाने. आठवड्याला पानाचा एक फोटो काढून ठेवा, वही भिजली तर उपयोगी पडतो. ॲपमध्ये अडचण हिशेबाची नाही. समोरच्या बाईला तो दिसत नाही, आणि तिला दिसणं हा तिचा हक्क आहे.

१६. स्पर्धा परीक्षेचं वाचलेलं पंधरा दिवसांत विसरतो. काय करू?

पुन्हा पुन्हा वाचणं आणि ओळी रंगवणं यांतून 'आपल्याला येतं' असा भास होतो; आठवणं हे वेगळं काम आहे आणि त्याचा सराव वेगळा करावा लागतो. पुस्तक मिटा आणि आठवून लिहा. सुरुवातीला फार कमी आठवेल. तरीही तोच सराव पुढे टिकतो.

दुसरी गोष्ट अंतराची. हर्मन एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्येच दाखवलं की विसरणं सुरुवातीला फार वेगाने होतं, मग मंदावतं. म्हणून उजळणी अंतर वाढवत करायची: दुसऱ्या दिवशी, मग साधारण तीन दिवसांनी, आठवड्याने, दोन आठवड्यांनी, महिन्याने. आठवायला थोडं अवघड जाऊ लागतं तीच योग्य वेळ.

हे अंतर सांभाळायला अँकीड्रॉइड हे ॲप अँड्रॉइडवर फुकट आहे आणि नेटशिवाय चालतं. त्यात कार्डं असतात, एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. कार्ड स्वतः बनवा, आयतं घेऊ नका. एका कार्डावर एकच उत्तर. 'विदर्भातले व्याघ्र प्रकल्प सांगा' हे वाईट कार्ड, कारण पाचपैकी चार आठवले तर बरोबर म्हणायचं की चूक ते ठरत नाही. त्याऐवजी 'मेळघाट कोणत्या जिल्ह्यात?' अमरावती. 'नवेगाव-नागझिरा कोणत्या दोन जिल्ह्यांत?' गोंदिया आणि भंडारा. 'नागपूर करार कोणत्या साली?' १९५३. 'लोणार सरोवर रामसर यादीत कधी?' २०२०.

नवी कार्डं रोज दहापेक्षा जास्त घेऊ नका. दहा नव्यांवर काही आठवड्यांत रोजची उजळणी सत्तर ते शंभर कार्डांवर जाते. पहिल्या उत्साहात पन्नास घेणारे महिन्याभरात ॲप उघडणंच सोडतात.

फोन हाती आला की भलतंच पाहिलं जात असेल तर कागदावर करा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून कार्डं बनवा, पाच डबे ठेवा. बरोबर आलं की कार्ड पुढच्या डब्यात, चुकलं की पहिल्यात. पहिला डबा रोज, पाचवा महिन्याला. ही सेबास्टियन लाइटनर यांची पद्धत.

१७. दिवसभर वावरात जातो. थकल्यावर केलेला अभ्यास राहतो का?

थकल्यावर नवं शिकू नका, उजळणीची कार्डं फिरवा. नवा धडा सकाळी उठल्यावर तासभर. झोप कापून तास वाढवणं तोट्याचं, कारण दिवसा शिकलेलं झोपेतच पक्कं होतं.

१८. उन्हाळ्यात फोन तापतो आणि बंद पडतो.

चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. बहुतेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. गाडीच्या डिकीत किंवा उन्हात ठेवू नका. तापलेला फोन चार्जिंगला लावू नका, सावलीत कव्हर काढून गार होऊ द्या. फ्रिजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं. दिवसाचं चार्जिंग पहाटे उरका.

१९. घरात एकच फोन आहे. पोरं गेम खेळतात, पैसे जायची भीती वाटते.

फोन देताना 'ॲप पिन करा' ही सोय वापरा. सेटिंग्ज, सुरक्षा, ॲप पिनिंग चालू करा आणि 'अनपिन करताना पिन विचारा' हेही चालू ठेवा. मग दिलेल्या ॲपबाहेर जाता येत नाही. पैशाच्या ॲपला वेगळं कुलूप लावा. मुलांसमोर यूपीआय पिन टाइप करू नका, आणि घरात सगळ्यांना एक गोष्ट पाठ करून घ्या: पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही.

२०. फोन हरवला. आधी काय करायचं?

क्रम महत्त्वाचा. दुसऱ्याच्या फोनवरून सिम कंपनीला सांगून सिम बंद करा, कारण सगळे ओटीपी त्यावर येतात. लगेच बँकेला सांगून यूपीआय आणि मोबाइल बँकिंग थांबवा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. मग दुसऱ्या फोनवर हरवलेला फोन शोधायचं गूगलचं फाइंड हब उघडून फोन लॉक करा. इथे बहुतेक जण अडकतात, कारण लॉगिन करताना पडताळणी हरवलेल्या फोनवरच मागितली जाते. प्रश्न १० मधले बॅकअप कोड अशा वेळी लागतात.

त्यानंतर पोलिसांत तक्रार, त्याच नंबराचं नवं सिम, आणि हरवलेले फोन बंद करण्याच्या सरकारी सीईआयआर पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, देऊन फोन बंद करणं. आयएमईआय फोनच्या खोक्यावर असतो. आजच *#०६# दाबा आणि दिसतील ते आकडे वहीत उतरवा. दोन सिमच्या फोनला ते दोन असतात.

२१. आई तेच तेच विचारते, गोळ्या विसरते. रिमाइंडर लावून भागेल का?

गोळ्यांपुरतं भागेल. आठवड्याच्या कप्प्यांचा डबा रविवारी भरून ठेवा, कारण 'घेतली की नाही' याचं उत्तर रिकामा कप्पा देतो, अलार्म देत नाही. पण अर्ध्या तासात तोच प्रश्न पुन्हा, ओळखीच्या वाटेवर चुकणं, पैशाचा रोजचा हिशेब न जमणं, स्वभाव बदलणं, असं दिसू लागलं तर डॉक्टरकडे न्या. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, उदासी, ऐकू कमी येणं, काही औषधांचे परिणाम यांनीही विसरभोळेपणा येतो आणि त्यातलं पुष्कळ उपचाराने सुधारतं. जाताना आई घेते ती सगळी औषधं पिशवीत घेऊन जा. दोन-चार दिवसांत अचानक गोंधळ वाढला असेल तर वाट पाहू नका. म्हाताऱ्या माणसात जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं किंवा साखर घसरणं हे कारण असू शकतं.

२२. घरचे सगळे व्यवहार एकालाच माहीत आहेत. उद्या त्याचं काही झालं तर?

एक लिफाफा करा. त्यात बँक खात्यांची आणि विमा पॉलिसींची यादी, कोणाकडून किती येणं आणि कोणाचं देणं, फोनचं कुलूप, गूगल खात्याचा पासवर्ड, आणि जमिनीचे कागद कुठे आहेत ते. लिफाफ्यावर सही आणि तारीख टाका, कपाटात ठेवा, घरातल्या दोघांना जागा सांगा. दर वर्षी अक्षय तृतीयेला तो उघडून बदल करा, आणि त्याचा रिमाइंडर लावा.

यूपीआय पिन त्यातही लिहू नका. मृत माणसाच्या खात्यातून त्याच्या फोनने पैसे काढणं चुकीचं आहे आणि वारसांत भांडण लावतं. त्यासाठी नॉमिनी हवा, म्हणजे आपल्यामागे बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे ते नाव. प्रत्येक खात्याला तो नोंदलेला आहे का हे बँकेत विचारून पासबुकावर लिहून घ्या. जुन्या खात्यांना बरेचदा नसतो. मृत्यूच्या दाखल्याच्या दोन-चार प्रती जास्तच काढा, बँक, विमा, तलाठी कार्यालय सगळीकडे एकेक लागते. आणि त्या माणसाचं सिम सहा महिने तरी रिचार्ज करत राहा, कारण खाती बंद करायचे ओटीपी त्यावरच येतात.